ओढ्याचं काम वरच्या शेतापासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाजवळचा ओढा पहिल्या जोरदार पावसापासून गढूळ वाहतो, पाऊस उघडला की लवकर आटतो आणि दरवर्षी त्याचा काठ ढासळतो. तुमच्या गटाने काठावर रोपं लावली, त्यातली बरीचशी पहिल्याच पुरात गेली. काठाला लागून असलेले शेतकरी काठालगतचा पट्टा न नांगरता गवत-झाडांसाठी सोडायला तयार नाहीत. एकाने तर "ओढा तुमचा, जमीन माझी" असं तोंडावर सांगितलं. तर शेतकऱ्यांना पटवायचं कसं आणि काठाला किती मीटर पट्टा सोडायला सांगायचा?

मी मृद-जलसंधारणाच्या कामात आहे आणि हे दोन प्रश्न जोडीनेच विचारले जातात. उत्तरं दोन्हींची देतो, पण त्याआधी क्रमाबद्दल बोलायला हवं. ओढ्यात येणारं पाणी आणि माती वरच्या सगळ्या शिवारातून येते. काठ हा त्या पाण्याचा शेवटचा टप्पा. वरून येणारा लोंढा तसाच ठेवून काठावर रोपं लावली तर ती टिकणं अवघडच. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तुम्ही त्याच्याकडे पहिल्याच भेटीत जमीन मागितलीत, म्हणजे जे द्यायला त्याला सगळ्यात जड जातं तेच. म्हणून पट्ट्याचा विषय काही काळ बाजूला ठेवा. शेतातली माती शेतात आणि पावसाचं पाणी जमिनीत राहील अशा कामांपासून सुरुवात करा. त्यात शेतकऱ्याचा स्वतःचा फायदा आहे, आणि ओढा त्याच कामातून सुधारतो.

फायदा किती, ते हिशेबाने सांगतो, कारण शेतकऱ्याशी बोलताना हाच हिशेब उपयोगी पडतो. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे साधारण १ लाख लिटर पाणी पडलं. ते मुरलं तर पिकाला आणि विहिरीला मिळतं, पुढे ओढ्याच्या झऱ्यांनाही मिळतं. वाहिलं तर माती घेऊन वाहतं. उघड्या जमिनीवर पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगाने आदळतो, ढेकूळ फोडतो, आणि सुटी झालेली बारीक माती जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसते. वर पापुद्रा धरतो. मग चार बोटं खाली माती कोरडी असली तरी पाणी मुरत नाही. एकरभर रानातून फक्त १ मिलिमीटरचा थर गेला तर ती ४ घनमीटर माती होते, जवळपास दीड ब्रास, वजनाने ५ टनांच्या आसपास. एवढी माती गेलेली शेतात उभं राहून दिसत नाही. शिवाय आधी जातो तो सगळ्यात बारीक आणि कसदार भाग: पोयटा (वाळूहून बारीक माती), सेंद्रिय अंश आणि मातीच्या कणांना चिकटून राहिलेला स्फुरद (फॉस्फरस). ओढ्यात साठलेल्या गाळात कोणाचं तरी विकत आणलेलं खत असतं.

तेव्हा "तुमच्यामुळे ओढा गढूळ होतो" हे वाक्य कधीच बोलू नका. ते खरं असलं तरी त्यानंतर बोलणं पुढे जात नाही. त्याऐवजी त्याची तक्रार काय आहे ते विचारा. कोणाचा बांध दरवर्षी एकाच जागी फुटतो, कोणाचं पेरलेलं बी वाहून खालच्या कोपऱ्यात गोळा होतं, कोणाची विहीर पूर्वीपेक्षा महिनाभर आधी तळ गाठते. या प्रत्येक तक्रारीचा ओढ्याशी संबंध आहे. तो जोडून दाखवणं हे तुमच्या गटाचं काम.

हे दाखवायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे चालू पाऊस. विजा चमकत नसतील आणि ओढा पुरात नसेल अशा वेळी दोन-तीन शेतकऱ्यांना घेऊन ओढ्याच्या कडेने वर चालत जा. पाणी कुठे स्वच्छ आहे आणि कोणत्या ओहोळाने ते लाल किंवा काळं होतं ते बघा. सोबत पारदर्शक बाटल्या न्या. प्रत्येक ओहोळ मिळतो तिथलं पाणी एकेका बाटलीत भरा, वर जागेची चिठ्ठी लावा आणि त्या सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी रांगेत ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमाती दिवसचे दिवस तरंगत राहते. दुसऱ्या दिवशी बाटल्यांच्या तळाचे थर बघितले की कुठून किती माती येते यावर वाद राहत नाही. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की सगळं शिवार सारखं दोषी नसतं. थोड्याच जागा, एखादी घळ, एखादा गाडीरस्ता, उताराच्या दिशेने नांगरलेली दोन-चार शेतं, बरीचशी माती देत असतात. तुमची मर्यादित ताकद तिथेच लावायची.

पाऊस उघडल्यावर शेतात वाकून बघण्यासारखी आणखी एक खूण आहे. उघड्या रानात जिथे बारीक खडा किंवा काडी पडलेली असते तिथे तिच्याखाली मातीचा छोटा खांब उभा राहिलेला दिसतो. खड्याने थेंब झेलला म्हणून त्याखालची माती वाचली, आजूबाजूची गेली. त्या खांबाची उंची म्हणजे एवढ्यात गेलेल्या मातीची जाडी. शेतकऱ्याला हे त्याच्याच वावरात दाखवा आणि मग दीड ब्रासचा हिशेब मांडा. याने मी जेवढी माणसं राजी झालेली पाहिली तेवढी भाषणांनी झालेली पाहिली नाहीत.

वरच्या माणसाने खालच्यासाठी त्रास का घ्यावा, हा तुमच्या प्रश्नातला खरा पेच आहे. त्याचं उत्तर सुखोमाजरीत मिळतं. चंदीगडचा सुखना तलाव १९५८ साली तयार झाला आणि लवकरच गाळाने भरू लागला. १९७०च्या दशकात मृद-जलसंधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा यांनी गाळाचा माग काढला. तो शिवालिकच्या पायथ्याला असलेल्या सुखोमाजरी या छोट्या गावाच्या उतारांपर्यंत पोहोचला. गावाची गुरं-शेळ्या त्या उघड्या डोंगरावर चरत होत्या. चंदीगडच्या तलावाशी गावाचं काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे तलावासाठी चराई थांबवा म्हणून भागणार नव्हतं. १९७६मध्ये गावाजवळ पहिला छोटा मातीचा बंधारा झाला. त्याचं पाणी शेतीला मिळालं, पीक वाढलं, आणि बंधारा गाळाने भरला तर आपलंच पाणी जाईल हे गावाला दिसलं. मग डोंगरावरची मोकाट चराई गावानेच थांबवली. तारेचं कुंपण लागलं नाही, म्हणून त्याला सामाजिक कुंपण म्हणतात. यातली कळीची बाब अशी की पाण्यावर प्रत्येक घराला वाटा मिळाला, जमीन असो वा नसो. भूमिहीन घरांना वाटा नसता तर त्यांच्या शेळ्या कोणी आणि का थांबवल्या असत्या? तुमच्या शिवारातही ओढ्याकाठी गुरं चारणारे, गवत कापणारे लोक असतील. जमीनमालकांची सभा घेऊन त्यांना वगळलंत तर काम तिथेच फसेल.

आता प्रत्यक्ष कामं. शेतात पहिली सुधारणा म्हणजे नांगरट, पेरणी, कोळपणी सगळं उताराला आडवं. याला पैसा जवळजवळ लागत नाही, मात्र शेताचा आकार लांबोडका आणि उताराच्या दिशेने असेल तर आडवं औत वळवायला त्रास होतो, हे मान्य करा. अशा शेतकऱ्याला मध्ये मध्ये आडव्या गवताच्या ओळी सुचवा. वाळ्याची दाट ओळ यासाठी फार चांगली: मुळं सरळ खोल जातात, पिकाशी फार झगडत नाहीत, आणि ओळीच्या वरच्या अंगाला माती साठून काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते. पिकाचा भुसा, पाचट, काड जाळण्याऐवजी रानात पसरलं तर थेंबाचा मार त्यावर जातो. जमीन जितका काळ झाकलेली, तितकी माती कमी हलते. माझ्या मते बांधबंदिस्तीपेक्षाही हे आधी करण्यासारखं आहे, कारण बांध वाहत्या पाण्याला अडवतो आणि आच्छादन पाणी वाहायलाच लागू देत नाही.

बांध घालायचा तर सांडवा आधी ठरवा. जास्तीचं पाणी कुठून आणि कशावरून उतरणार हे ठरलेलं नसेल तर ते स्वतःची वाट काढतं, आणि तिथूनच घळ सुरू होते. सांडव्याच्या खाली दगडांचा थर किंवा दाट गवत हवं. शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडून आपला बांध वाचवणं हे शिवारातल्या भांडणांचं मोठं कारण आहे. म्हणून एकेका शेतकऱ्याशी स्वतंत्र न बोलता एका ओहोळाला पाणी देणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसवा. दहा-बारा शेतकऱ्यांचा एक छोटा ओहोळ, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पूर्ण, हे पसरट विखुरलेल्या कामापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं. नदीच्या एकूण लांबीपैकी बहुतांश लांबी अशाच लहान ओहोळ-ओढ्यांची असते, त्यामुळे ओहोळ किरकोळ समजू नका.

घळीचं काम वरून खाली करायचं. घळीचा माथा, जिथे पाणी पायरीसारखं खाली पडतं, तो पावसागणिक मागे सरकत वरचं शेत खातो. आधी तो दगड, गवत आणि थोडा उतार देऊन स्थिर करा, मग खाली बुटके अनगड दगडी बांध (सिमेंटशिवाय नुसते दगड रचून केलेले) घाला. वेग दुप्पट झाला की पाण्याची कापण्याची ताकद सुमारे चौपट होते, त्यामुळे एक उंच बांध घालण्यापेक्षा अनेक बुटके बांध चांगले. मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून काठ पोखरतं.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि ती करायचा आग्रह होईल म्हणून आत्ताच सांगतो: जेसीबी लावून ओढा सरळ आणि खोल करणं. पहिल्या वर्षी ते फार छान दिसतं. पण सरळ केलेल्या ओढ्यात उतार वाढतो, वेग वाढतो आणि तळ आणखी खोल कापला जातो. तळ खाली गेला की काठ उंच आणि उभे होतात, मग ते ढासळतात, आणि ही कापणी उगमाच्या दिशेने वर सरकत जाते. आजूबाजूच्या उथळ थरातलं पाणीही त्या खोल पात्रात निथळून जातं, म्हणजे काठच्या विहिरींचं नुकसान. साचलेला गाळ काढणं आणि मूळ तळ खोदणं यात फार फरक आहे. शिवाय पात्रात कसलंही काम करायचं तर परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्या.

गुरांबद्दल. ओढ्यात उतरणारी गुरं काठ तुडवतात आणि शेण-मूत थेट पाण्यात जातं. पण "गुरं ओढ्यावर आणू नका" म्हणण्याआधी त्यांना पाणी कुठे मिळणार ते सांगा. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १९९०च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात कुरणात ओढ्यापासून दूर पाण्याचा हौद ठेवला आणि ओढ्याला कुंपण घातलंच नाही. तरी गुरांनी ९२ टक्के वेळा हौदाचंच पाणी पिणं पसंत केलं, आणि काठाची धूप तीन-चतुर्थांशाहून जास्त घटली. गुरांनाही घसरड्या उतारावरून चिखलात उतरायला आवडत नाही. हौद शक्य नसेल तर एकच उतरण पक्की करा, दगड-मुरूम टाकून, आणि बाकी काठ काटेरी फांद्यांनी बंद ठेवा. हौद किंवा उतरण मिळाली की गुराखीही तुमच्या बाजूला येतो.

खत-औषधांचं थोडक्यात: फवारणीचं द्रावण ओढ्याकाठी कालवू नये, पंप ओढ्यात धुऊ नये, उकिरडा ओहोळाच्या वाटेत नसावा, आणि जोराचा पाऊस येणार असेल तर त्याआधी युरिया टाकू नये. स्फुरद मातीसोबत वाहतो, म्हणून माती अडवली की तोही बराचसा अडतो. नत्राचं नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि जमिनीखालून ओढ्यापर्यंत पोहोचतं, ते गवताच्या पट्ट्याने वरच्या वर थांबत नाही. त्याला उपाय म्हणजे गरजेपुरतीच मात्रा, ती हप्त्यांत विभागून देणं, आणि काठावर खोल मुळांची झाडं.

इथपर्यंतचा क्रम असा झाला: जमीन झाकणं आणि आडवी मशागत, सुरक्षित सांडवे, घळी वरून खाली, गुरांच्या पाण्याची सोय. हे एका ओहोळावर मार्गी लागलं की काठाच्या पट्ट्याचा विषय काढा. तोवर त्या शेतकऱ्यांचा तुमच्यावर विश्वासही बसलेला असेल.

किती मीटर, याला एकच आकडा नाही. कशासाठी पट्टा हवा त्यावर तो अवलंबून आहे. सौम्य उतारावर पातळ थराने येणाऱ्या पाण्यातला बराचसा जाड गाळ ५ ते १० मीटरच्या दाट गवतात अडतो. ओढ्यावर सावली, मासे, जलचर, पुरात काठ टिकणं हे सगळं हवं असेल तर संशोधक दोन्ही बाजूंना ३० मीटरच्या आसपास किंवा जास्त सुचवतात. न्यूझीलंडने २०२० साली गुरांना नदी-ओढ्यांपासून दूर ठेवण्याचे नियम केले, त्यात किमान अंतर ३ मीटर आहे. आता शेतकऱ्याच्या नजरेने बघा: १०० मीटर काठ आणि १० मीटर पट्टा म्हणजे जवळपास १० गुंठे. ज्याच्याकडे एकरच आहे त्याचं ते चौथाई रान झालं. त्याच्याकडे ३० मीटर मागणं अन्यायाचं आहे. अशा ठिकाणी मी ३-४ मीटरवर समाधान मानतो आणि त्या पट्ट्यात चारा-गवत, बांबू, फळझाड असं काहीतरी घेता येईल असं बघतो. नांगर लागू नये आणि फवारणी होऊ नये, एवढीच अट. मोठ्या जमीनधारकाकडून मात्र जास्त रुंदी मागायला संकोच करू नका.

रुंदीपेक्षाही एक गोष्ट बहुतेक वेळा दुर्लक्षिली जाते. पाणी काठावर सगळीकडून सारखं येत नाही. ते दोन-तीन ठिकाणी एकवटून येतं आणि पट्ट्याला छेदून सरळ ओढ्यात जातं. सगळीकडे १० मीटर सोडून या जागा उघड्या ठेवल्या तर पट्टा नुसता शोभेचा. त्या जागी पट्टा जास्त रुंद करा, वर आडवा दगडी अडसर घालून पाणी पसरवा, बाकी ठिकाणी अरुंद चालेल.

वाहून गेलेल्या रोपांचं कारण बहुधा जागेत आहे. पाण्याच्या धारेजवळ झाडं लावायची नसतात, तिथे लवचिक गवतं आणि झुडपं हवीत, जी पुरात आडवी होऊन पुन्हा उभी राहतात. त्याच्या वर मध्यम झुडपं, आणि मोठी झाडं काठाच्या माथ्यावर. जाती निवडायला ओढ्याच्या वरच्या अंगाला एखादा शाबूत राहिलेला तुकडा शोधा. तिथे आपोआप उगवलेलं जे आहे तेच घ्या. लावण्याआधी एक-दोन पावसाळे नुसती चराई आणि नांगर थांबवून बघा. बऱ्याच ठिकाणी बी आणि मुळं जमिनीत असतातच.

सक्ती की राजीखुशी, असाही मुद्दा तुमच्या गटात निघेल. न्यूयॉर्क शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः कॅट्सकिल-डेलावेअर डोंगराळ पाणलोटातून येतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्यांवर निर्बंध लादण्याचा विचार पुढे आला तेव्हा मोठा विरोध झाला. मग तोडगा निघाला: शेतकऱ्यांच्याच पुढाकाराचं मंडळ, प्रत्येक शेताचा वेगळा आराखडा, सहभाग ऐच्छिक आणि खर्च शहराचा. मात्र पाच वर्षांत ८५ टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत अशी अट होती, आणि ती पार पडली. मला यातली खर्चाची बाजू महत्त्वाची वाटते. स्वच्छ पाण्याचा लाभ खालच्यांना होणार असेल तर खर्चातला वाटाही खालच्यांनी उचलावा. तुमच्या गटाला पैसे देता येत नसतील तर श्रमदान, रोपं, दगड वाहतूक यांतून तो द्या.

जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणारे असतील तर बोलणी दोघांशी करा. कसणाऱ्याला झाडात रस नसतो, कारण पुढच्या वर्षी तो तिथे असेलच असं नाही. आडवी पेरणी, आच्छादन त्याच्याशी ठरवा. बांध, झाडं, पट्टा हे मालकाशी, आणि मालक बाहेरगावी असेल तर फोटो पाठवून, लेखी.

किती वर्षांत फरक दिसेल असं शेतकरी विचारतील. खोटी आशा लावू नका. शेतातली माती अडलेली पहिल्या पावसातच दिसते. ओढ्याच्या तळात आधीच साठलेला गाळ मात्र कित्येक पूर येईपर्यंत हलत राहतो, आणि भूजलातलं नायट्रेट उतरायला वर्षानुवर्षं लागू शकतात. म्हणून ठरावीक जागेवरून दर महिन्याला फोटो, त्याच जागांच्या बाटल्या, दोन-तीन विहिरींची पाण्याची पातळी एवढं नोंदवत राहा. पाऊस सरल्यावर तळाचे दगड उलटून बघा. खालच्या बाजूला चिकटलेल्या, शेपटीला दोन-तीन बारीक धागे असलेल्या किड्यांच्या अळ्या वाढल्या तर पाणी सुधारतंय असं समजा. गाळाने भरलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात त्या सहसा टिकत नाहीत.

तुमचा ओढा बारमाही होता की पावसाळी, काठाची उंची किती, माती काळी की मुरमाड, आणि लगतच्या शेतांचा उतार साधारण किती, हे लिहिलंत तर वाळ्याच्या ओळींमधलं अंतर आणि घळीतल्या बांधांची उंची याबद्दल नेमकं सांगता येईल. उतार मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतात तीच पद्धत पुरते.